चिनी ऐकायची ती मराठीच्या कानाने

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापूरची, पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. विदेशी भाषा म्हणून चिनी घेतली, त्याला अडीच महिने झाले. टोन कानाला कळतच नाहीत. परवा वर्गात 'क्विंग' असं वाचलं तर बाईंनी तीनदा सुधारलं, तरी जमलं नाही. लिहिलेली अक्षरं चार दिवसांत पुसली जातात. बरीच मुलं फ्रेंचकडे वळली. मला गाता येत नाही, म्हणून टोन जमत नसतील का? हाताने लिहिणं सोडून नुसतं मोबाइलवर टाइप केलं तर चालेल का? आणि वर्गात मिळालेलं चिनी नाव मला माझं वाटत नाही, ते बदलता येतं का?"

सोडू नकोस, हे आधी सांगते. मी बावीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना चिनी शिकवते आहे आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास हेच प्रश्न दरवर्षी येतात. सहामाही परीक्षेच्या आधी निम्मा वर्ग गळतो. गळणाऱ्यांत हुशार मुलं कितीतरी असतात, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

तुझ्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द आहे 'क्विंग'. त्या एका शब्दावरून मला कळलं की तुझी पहिली अडचण टोनची, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराची, नाही, इंग्रजीची आहे. चिनी शब्द तुझ्यापर्यंत रोमन अक्षरांतून येतो आणि तू तो इंग्रजीच्या सवयीने वाचतेस. सोलापूरच्या मुलीच्या तोंडात चिनीचे निम्म्याहून जास्त आवाज आधीपासून आहेत. मधे इंग्रजी उभी राहिल्यामुळे ते बाहेर येत नाहीत.

ज्या रोमन लिपीतून तू शिकते आहेस ती पिनयिन चीनने 1958 साली अधिकृत केली. ती इंग्रजी येणाऱ्यांसाठी बनवलेली नाही. चिनी माणसांना आपल्याच भाषेचे उच्चार लिहिता यावेत म्हणून ती केली, आणि हातात असलेली रोमन अक्षरं आपल्या सोयीने वाटून घेतली. म्हणून तिथे क्यू म्हणजे 'क्व' नाही. तो छत्रीतला छ आहे. तुझा 'क्विंग' म्हणजे 'छिंग'. एक्स म्हणजे शिवणातला श. सी म्हणजे क नाही, स नाही. चाक आणि चोर या शब्दांत आपण जो च म्हणतो, त्याला भरपूर हवा जोडली की सी झाला. हवा न जोडता तोच चाकाचा च म्हणजे झेड. आणि चार, चीन, चिमणी यांतला च म्हणजे जे.

चाकाचा च आणि चारचा च हे दोन वेगळे आवाज आहेत हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. हिंदीत हा फरक नाही. दिल्लीत शिकत असताना माझ्या हिंदीभाषक वर्गमैत्रिणी झेड आणि जे यांच्यावर महिनाभर अडल्या होत्या. मला मात्र तो पहिल्या तासाला जमला, आणि का जमला ते शिकवायला लागल्यावर कळलं.

दुसरा मोठा घोळ बी-पी, डी-टी, जी-के या जोड्यांचा. इंग्रजीत बी म्हणजे ब. चिनीत ब, द, ग हे आवाज शब्दाच्या सुरुवातीला नाहीतच. तिथे बी म्हणजे प, आणि पी म्हणजे फळातला फ, ओठ मिटून आणि हवा सोडून म्हटलेला. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. काल आणि खाल, तर आणि थर, पाट आणि पाठ हा फरक आपण लहानपणापासून करतो. इंग्रजी माणसाला तो मुद्दाम शिकावा लागतो, तोंडासमोर कागद धरून, कागद हलतो का बघत. तुला फक्त आठवण करून द्यावी लागते. चीनच्या राजधानीचं नाव आपली वर्तमानपत्रं 'बीजिंग' छापतात, ते खरं 'पेइ-चिंग' आहे. 'पिनयिन' हा शब्दसुद्धा 'फिन-यिन' असाच आहे. जुन्या मराठी लेखनातलं 'माओ त्से तुंग' हे रूप व्यंजनांच्या बाबतीत आजच्या 'झेडाँग'पेक्षा मुळाच्या कितीतरी जवळ होतं. शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग म्हणजे 'श्वान-त्सांग'. त्यातला त्स म्हणजे पुन्हा चाकाचाच च.

झेडएच, सीएच, एसएच यांना जीभ ट, ण, ळ म्हणताना जाते तिथे वळव आणि मग च, छ, श म्हण. एसएच म्हणजे आपला पोटफोड्या ष, शुद्ध म्हटला तर. दोन आवाजांना मात्र वेळ दे, ते मराठीत तसे सापडत नाहीत. एक, ई म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठ उ सारखे गोल करायचे. दुसरा, शेवटचा एनजी. आपण रंग म्हणताना ग म्हणतो, तिथे ग नाही, नुसता ङ आहे. म्हणूनच वहीत चिनी शब्द देवनागरीत लिहून ठेवू नकोस. मी इथे लिहिते आहे ते फक्त तोंडाला जागा दाखवण्यापुरतं. अनुस्वाराखाली न आणि ङ दोन्ही दडतात, आणि टोन तर लिहिलाच जात नाही. वहीत पिनयिनच लिही, टोनच्या खुणेसकट. खूण नसलेला शब्द अर्धा शिकलेला समज.

आता टोन. गाता येण्याशी त्याचा संबंध नाही. चिनी टोन ठरलेल्या पट्टीत नसतात. ढाल्या आवाजाचा म्हातारा आणि पाच वर्षांची पोर आपापल्या आवाजात वर-खाली जातात. आणि वर-खाली तर तूही रोज जातेस. 'हो' हा एकच शब्द घे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की तू आतून 'होऽऽ' म्हणतेस, उंच आणि सपाट. हा पहिला टोन. मैत्रिणीने नवल सांगितलं की 'हो?' म्हणतेस, आवाज खालून वर जातो. हा दुसरा. मनात नसताना कबूल करायचं असलं की खालच्या आवाजात 'हो…' येतो. हा तिसरा. आणि तेच तेच विचारून कोणी डोकं खाल्लं की 'हो!' म्हणून तोडतेस, वरून खाली. हा चौथा. चारही तुझ्याकडे आहेत. पण मराठीत या चारांनी मन:स्थिती बदलते, शब्द 'हो'च राहतो. चिनीत शब्दच बदलतो. तिसऱ्या टोनमधला 'माय' म्हणजे विकत घेणं, चौथ्यातला 'माय' म्हणजे विकणं. एवढीच सवय नवीन आहे, आणि ती लागायला सहा-आठ महिने जातात. अडीच महिन्यांत कानाला कळत नाही यात तुझं काहीही चुकलेलं नाही.

यातून एक खोड येते, ती सांगते, कारण पुस्तकात ती सापडत नाही. खात्री नसली की आपण मराठीत आवाज शेवटी वर नेतो. वर्गात उभं राहून वाचताना खात्री कुठे असते? त्यामुळे नवशिक्याचा प्रत्येक शब्द दुसऱ्या टोनमध्ये जातो. तुझ्या बाईंनी तीनदा सुधारलं तेव्हाही बहुधा हेच झालं असणार, कारण तो 'छिंग' तिसऱ्या टोनचा असणार, 'कृपया' या अर्थाचा, आणि पहिल्या धड्यांत तोच येतो. तू विचारल्यासारखं म्हटलंस. चूक असलं तरी ठाम म्हण. ठाम चूक शिक्षकाला ऐकू येते आणि सुधारता येते. चाचपडत म्हटलेल्या शब्दात नेमकं काय चुकलं तेच कळत नाही.

तिसऱ्या टोनबद्दल आणखी. पुस्तकात त्याची आकृती खाली जाऊन वर येते, म्हणून मुलं प्रत्येक वेळी ती कसरत करतात. बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली असतो, वर येतच नाही. आणि दोन तिसरे टोन शेजारी आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो. 'नी हाव' मधला 'नी' म्हणूनच वर जातो.

एकेरी 'मा मा मा मा' चा घोष महिनाभर झाला की थांबव. चिनीतले रोजचे बहुतेक शब्द दोन अक्षरांचे असतात, तेव्हा टोन जोडीत शिकायचे. जोड्या आहेत वीस: चार टोन, प्रत्येकाच्या मागे चारांपैकी एक किंवा हलका, टोन नसलेला आवाज. माझ्या वर्गात मी या जोड्या गावांच्या नावांवर बसवते. बीजिंग तिसरा-पहिला. क्वांगचौसुद्धा तिसरा-पहिला. शांघाय चौथा-तिसरा, आणि मुंबईचं चिनी नाव 'मंग-माय' तेही चौथा-तिसरा. पुण्याचं 'फू-ना' तिसरा-चौथा, अगदी वूहानसारखं. भारत म्हणजे 'यिन-तू', चौथा-चौथा. चीन म्हणजे 'चोंग-क्वो', पहिला-दुसरा. नानचिंग दुसरा-पहिला, दिल्ली दुसरा-तिसरा. नवा शब्द आला की तो कोणत्या गावासारखा वाजतो ते विचार. मुलं एकमेकांना 'अगं, हा पुण्यासारखा आहे' असं सांगून सुधारायला लागली की मला कळतं, कान उघडले.

तू व्याकरणाबद्दल काही विचारलेलं नाहीस, पण तिथे मराठी तुला सगळ्यात जास्त देणार आहे, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत प्रश्न करायला शब्दांची उलटापालट करावी लागते. चिनीत वाक्य आहे तसं ठेवून शेवटी 'मा' लावायचा. आपण काय करतो? 'तू येतेस' ला 'का' लावतो. काम तेच, जागा तीच. मग 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे बघ. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि त्याची कथा मागून. चिनीत क्रम असा: मी, काल, घेणे, मग 'त' हा जोडणारा शब्द, मग पुस्तक. तुझं मराठी वाक्य शब्दाला शब्द तसंच उतरतं. माझी मुलं हा धडा इंग्रजी पुस्तकातून आठवडाभर करत असत. मराठी वाक्य फळ्यावर लिहायला लागल्यापासून तो एका तासात होतो.

बीजिंगकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द ऐकू येतात: 'वोमन' आणि 'त्सामन'. 'त्सामन' म्हटलं की ऐकणारा आत आला. 'वोमन' मात्र तिथे दोन्हीला चालतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, हिंदीतही. मराठी माणसाला हे उमजायला क्षण लागत नाही.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'ल' या छोट्या शब्दाचं आहे. पुस्तकं त्याला भूतकाळाची खूण म्हणतात आणि मग पोरं वर्षभर घोळ घालतात. बीजिंगमध्ये मी वर्षभर शिकत होते तेव्हा वसतिगृहाजवळच्या एका छोट्या खाणावळीत रोज जायचे. मालकिणीला हाक मारली की ती आतून ओरडायची, 'लाय ल!' शब्दश: 'आले!' ती आलेली नसायची, कढईसमोरच असायची. मी तिथेच थबकले. आपणही हाक ऐकली की जागेवरूनच 'आले, आले!' म्हणतो. खिडकीतून पहिला थेंब दिसला की 'पाऊस आला' म्हणतो, आणि चिनीही तिथे 'ल' लावूनच म्हणतात. 'ल' सांगतो की आत्ता काहीतरी बदललं. मराठी भूतकाळाचं हे रूप तुझ्या जिभेवर आहे. 'ल' पाशी अडलीस की आधी ते मराठीत कसं म्हणशील ते बघ, मग पुस्तकातला नियम वाच.

क्रियापद मात्र मधे येतं, आपल्यासारखं शेवटी नाही. मोजतानाही प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द लागतो, जशी आपल्याकडे मेथीची जुडी आणि केळ्यांची फणी. तो शब्द नामासोबतच पाठ कर, नंतर जोडायला गेलीस तर कधीच येणार नाही.

आता अक्षरं. चार दिवसांत पुसली जातात, कारण तू त्यांना चित्रं समजून पाठ करते आहेस, आणि कदाचित एकेक अक्षर पानभर लिहिते आहेस. पानभर लिहिताना पाचव्या ओळीपासून हात चालतो, डोकं थांबतं. तीनदा बघून लिही, मग झाकून एकदा. संध्याकाळी झाकून एकदा, दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी. विसरलेलं अक्षर आठवायचा प्रयत्न करताना जी तगमग होते, तीच ते बसवते. म्हणून लगेच पुस्तक उघडू नकोस, अर्धा मिनिट झटून बघ. वही गणिताची चौकटींची घे आणि चार चौकटींचं एक घर कर. म्हणजे कोणता भाग वर, कोणता डावीकडे ते डोळ्याला दिसतं. रेघांचा क्रम पाळ: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकट असेल तर आतलं भरून मग खालची रेघ. हा क्रम जाचक वाटतो, पण हाताची स्मरणशक्ती क्रमावरच उभी असते.

आणि अक्षर फोडायला शीक. चिनी अक्षरांतली बहुतांश अक्षरं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. तुला अडवणारा तोच 'छिंग' घे. हिरव्या-निळ्या रंगाचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार 'छिंग'. त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब लावले की 'स्वच्छ'. सूर्य लावला की 'निरभ्र आकाश'. हृदय लावलं की 'भावना'. बोलण्याची खूण लावली की 'विनंती करणे', म्हणजे तुझं 'कृपया'. उच्चार सगळ्यांचा 'छिंग', फक्त काहींचे टोन वेगळे. चार अक्षरं चार चित्रं म्हणून पाठ केलीस तर चारही जातात, कुटुंब म्हणून केलीस तर पाचवं आपोआप ओळखता येतं. 'माय'ची जोडीही अशीच आहे. सोप्या केलेल्या लिपीत 'विकत घेणे'च्या डोक्यावर 'दहा' या अक्षराची फुली ठेवली की 'विकणे' होतं. मुंबईच्या चिनी नावातलं दुसरं अक्षर हे 'विकत घेणे'चंच आहे. तिथे ते केवळ आवाजापुरतं घेतलं आहे, पण माझी मुंबईची मुलं ते कधी विसरत नाहीत.

टाइप केलं तर चालेल का? अर्धं उत्तर हो. मोबाइलवर पिनयिन टाकलं की अक्षरांची यादी येते आणि त्यातून निवडायचं असतं. म्हणजे तिथे ओळखता आलं पाहिजे, आठवून काढता आलं नाही तरी भागतं. खुद्द चिनी माणसं आता पेन हातात घेतल्यावर अक्षरं विसरतात, आणि या विसरण्याला त्यांच्या भाषेत चार अक्षरांचा शब्दप्रयोगही आहे. चीनने 2021 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे नवं मानक लागू केलं, त्यात पहिल्या तीन पातळ्यांना मिळून 900 अक्षरं ओळखायची आहेत, पण हाताने लिहायची फक्त 300. मी स्वत: याच प्रमाणाच्या बाजूची आहे. पहिली तीनशे मात्र हातानेच लिही, त्यात सवलत मागू नकोस. तीनशेंत जवळजवळ सगळे महत्त्वाचे घटक येऊन जातात, आणि पुढची सहाशे त्यांच्याच जुळण्या असल्यामुळे डोळ्याने पकडता येतात. ज्यांनी सुरुवातीलाच हात सोडला, ती मुलं दुसऱ्या वर्षी एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत हरवलेली मी पाहिली आहेत. पिनयिनच्या ओळीवर नजर ठेवून अक्षराकडे न बघण्याची सवयही आत्ताच मोड. वर्गातल्या पुस्तकात पिनयिनच्या ओळीवर कागदाची पट्टी ठेव.

कॉलेजचे आठवड्याचे तीन-चार तास या भाषेला पुरत नाहीत, हे कॉलेज सांगत नाही म्हणून मी सांगते. बीजिंगमध्ये आम्हाला आठवड्याला वीस तास होते आणि बाहेर पडलं की गाव चिनीच बोलायचं. तुला तेवढं शक्य नाही. पण सकाळी वीस मिनिटं ऐकणं आणि मोठ्याने म्हणणं, रात्री वीस मिनिटं लिहिणं एवढं रोज हवं. रविवारी तीन तास बसून ते भरून निघत नाही. धड्याचं ध्वनिमुद्रण असतं, त्यातलं एक वाक्य घे, स्वत:च्या आवाजात मोबाइलवर मुद्रित कर आणि दोन्ही लागोपाठ ऐक. पहिले काही दिवस स्वत:चा आवाज ऐकवत नाही. तरी ऐक. शब्दकोशासाठी प्लेको हे मोबाइल अ‍ॅप घे, त्यात शब्द ऐकताही येतो आणि अक्षर बोटाने काढून शोधताही येतं.

राहिलं नाव. बदलता येतं, आणि बदल. चिनी नावात आडनाव आधी, बहुतेक एका अक्षराचं, मग एक किंवा दोन अक्षरांचं नाव. परक्या नावांसाठी दोन रस्ते असतात. एक, नुसता आवाज उतरवायचा. श्वान-त्सांगने सातव्या शतकात महाराष्ट्राचं नाव चार अक्षरांत असंच उतरवलं, आजच्या उच्चारात ते 'मो-ह-ला-छा' असं वाजतं. दुसरा रस्ता तुझ्या सोलापूरच्या माणसाचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर आहे, म्हणजे चीन. त्यांच्यातले डॉ. चोळकर नागपूरचे. कोटणीसांचं नाव झालं 'ख ती-ह्वा': कोटणीसमधल्या 'को'ला जवळचं असं खरंखुरं चिनी आडनाव घेतलं आणि पुढे ते शेवटचं अक्षर ठेवलं. 1942 साली त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव 'यिन-ह्वा' ठेवलं. 'यिन' म्हणजे भारत, वर सांगितलेल्या 'यिन-तू' मधला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोटणीस गेले.

तू दुसऱ्या रस्त्याने जा. तुझ्या आडनावाच्या पहिल्या आवाजाशी जुळणारं चिनी आडनाव बाईंकडून काढून घे. नावासाठी अर्थ आवडतील अशी दोन अक्षरं निवड, आणि शक्यतो दोघांचे टोन वेगळे ठेव, म्हणजे हाक मारायला सोपं जातं. मग ते चिनी माणसाला मोठ्याने वाचून दाखव, कारण एखाद्या नावाचा आवाज दुसऱ्याच कुठल्या शब्दासारखा वाजतो आणि ते आपल्याला कळत नाही. ठरलं की चौकटींच्या वहीत पहिल्या पानावर लिही, टोनच्या खुणा वर घालून, आणि पुढच्या तासाला हजेरी त्या नावाने घ्यायला सांग.